अपत्यप्राप्तीच्या उपायांतील तारतम्य

इंदापुरास मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. शिवछत्रपतींचे हे आजोबा इंदापूरच्याच लढाईत पडले. त्यांच्या पत्नी उमाबाई नीरेपलीकडील फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या घरातल्या. लग्नास बरीच वर्षे लोटली तरी या दांपत्याच्या पदरी मूल नव्हते. अखेर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाहशरीफ नावाच्या पिरास नवस केला, पुढे दोन पुत्र झाले, आणि पिराच्या नावावरून थोरल्याचे नाव शहाजी व धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी परंपरा आहे. ही कथा इतिहास म्हणून कितपत घ्यावी हा वाद आम्ही येथे करीत नाही. मुलांची नावे खरी आहेत आणि त्या नावांमागची आर्तताही खरी आहे. मुलासाठी आसुसलेले माणूस दार ठोठावताना त्या दारावर कोणाचे निशाण आहे हे पाहत नाही, एवढे त्यावरून निश्चित समजते.

आज त्याच मुलखात बारामतीहून भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी अशा वाटेने इंदापुराकडे जावे, तर दोहों बाजूंस ऊस, मधूनच डाळिंबाच्या बागा, आणि गावाच्या तोंडाशी वंध्यत्वावरील उपचारांच्या पाट्या दिसतात. पाटीवर एक गोरेगोमटे बालक हसत असते. ते बहुधा या मुलखातले नसते. नवसाचे दिवस संपले असे मात्र नव्हे. जेजुरीचा भंडारा कपाळी लावून त्याच दिवशी सोनोग्राफीस जाणारी जोडपी आम्ही पाहिली आहेत, आणि त्यात हसण्याजोगे आम्हांस काही वाटत नाही.

या जोडप्यांपुढे एकाहून अधिक उपाय असतात, आणि त्यांतून निवड करताना बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : कोठे गेले असता लवकर गुण येतो? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो पुरेसा नाही, असे आमचे मत आहे. उपायांची तुलना करावयाची तर यश किती आणि खर्च किती या दोन रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने मांडले पाहिजेत : हा उपाय कोणाच्या देहावर होतो, आणि तो थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे. हे दोन रकाने आपल्या घरांतून कोरे राहतात. आणि ते कोरे राहिल्यामुळे जे घडते त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वैद्यकाचे म्हणणे थोडक्यात सांगतो. कोणतेही संततिनियमनाचे साधन न वापरता एक वर्ष सहवास होऊनही गर्भ राहिला नाही, तर तपासणी करावी. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे सहा प्रौढांपैकी एकास आयुष्यात केव्हातरी या अडचणीस तोंड द्यावे लागते. म्हणजे ही काही एखाद्या कुळावर आलेली आपत्ती नव्हे. गावच्या यात्रेत जेवढी माणसे जमतात त्यांतील कितीतरी जणांनी हे दुःख मुकाट्याने गिळलेले असते. आणि ज्या जोडप्यांत ही अडचण असते त्यांतील जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचेही कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर, आढळते.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण घरात ते सर्वांत शेवटी ऐकले जाते.

आमच्या परिचयाचे इंदापूर तालुक्यातील एक शेतकरी दांपत्य आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून बाईंच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त झाले, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी औषध सोडून एक्स-रे झाला, पुढे भूल देऊन दुर्बिणीची तपासणी झाली. गोळ्यांचे महिने गेले, एका मांत्रिकाचे तीन शुक्रवार गेले. पतीची वीर्यतपासणी झाली ती पाचव्या वर्षी, आणि दोष निघाला तो तेथे. ही तपासणी तालुक्याच्या गावीही काही शे रुपयांत होते. तीस ना भूल लागते, ना टाका. दोन ते सात दिवसांचा संयम आणि पाच मिनिटांचा संकोच एवढेच तिचे मोल. त्या पाच मिनिटांच्या संकोचासाठी दुसऱ्या एका देहाने चार वर्षे सुया सोसल्या. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. पती सज्जन आहे, सासूबाई मायाळू आहेत. परंतु वांझ हा शब्द आपल्या भाषेत स्त्रीलाच चिकटून बसला आहे, आणि ज्यास नाव नाही तो दोष कोणास दिसत नाही.

गंमत अशी की आपल्या जुन्या ग्रंथकारांस तो स्वच्छ दिसत होता. पांडू संतती उत्पन्न करू शकत नाही ही गोष्ट महाभारतकारांनी लपविली नाही. उलट साऱ्या कथेचा पाया तीवर रचला. राजाचा दोष सांगताना जो कवी कचरला नाही, त्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणारी आमची घरे जावयाच्या तपासणीचे नाव काढताना मात्र कचरतात. तेव्हा आमची पहिली सूचना अशी की तपासणी दोघांची, एकाच आठवड्यात आणि पुरुषापासून आरंभ करून व्हावी. तंबाखू, मद्य, आणि तालमीत अंग भरावे म्हणून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने यांचा शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो; या इंजेक्शनांनी तर त्यांची उत्पत्ती पार थांबूही शकते. पुष्कळांच्या बाबतीत ती बंद करणे हाच पहिला उपचार ठरतो. स्त्रीच्या बाजूस आपल्या देशात क्षयरोगाचा विचार अवश्य करावा लागतो. जननेंद्रियांचा क्षय बाहेरून काही न दाखविता गर्भनलिका बंद करून टाकतो.

आता उपायांची पायरी. बीज वेळेवर सुटत नसेल तर लेट्रोझोल किंवा क्लोमिफिनसारख्या गोळ्या देतात. ज्यांच्या बीजकोशांत पाळी अनियमित करणारा विकार असतो अशा तरुण स्त्रियांस यानेच पुष्कळदा गुण येतो, आणि खर्चही अल्प. त्यापुढे आय. यू. आय., म्हणजे निवडलेले शुक्राणू योग्य दिवशी गर्भाशयात सोडणे. यास निदान एक गर्भनलिका मोकळी हवी. यश दर खेपेस शंभरांत दहा-पंधरा. त्यापुढे आय. व्ही. एफ. : दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन अनेक बीजे पिकवावयाची, भूल देऊन ती सुईने काढावयाची, बाहेर फलित करावयाची, आणि तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात ठेवावयाचा. शुक्राणू फार थोडे असतील तर एकच शुक्राणू सुईने बीजात सोडतात. ही इक्सी नावाची कृती ब्रुसेल्स येथे सिद्ध झाली आणि तिचे पहिले यश १९९२ साली प्रसिद्ध झाले. तिच्यामुळे ज्या पुरुषांस पूर्वी केवळ हात जोडून परत पाठवीत, त्यांतील अनेकांस स्वतःचे मूल झाले. हा या विद्येचा खरोखर मोठा उपकार होय.

या विद्येचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्यास अवकाश नाही. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे या मार्गाने पहिले मूल जन्मले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. चौकशी झाली, अवहेलना झाली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून मूल जन्मले ते भारतातील पहिले म्हणून गणले गेले. परंतु त्या कार्यातील त्यांचे सहकारी डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणे स्वतः तपासली, आणि १९९७ साली पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असे जाहीरपणे सांगितले. आपल्या हातातील मान दुसऱ्याच्या, तोही मृताच्या, हाती देणारी माणसे विद्येच्या क्षेत्रात विरळा. उपचारांच्या पाट्यांवर अशांची चित्रे असती तर बरे झाले असते.

पाट्यांवर असतात ते यशाचे आकडे. आणि येथे वाचकांनी सावध व्हावे. यश म्हणजे काय हे आधी विचारावे. रक्ततपासणीत गर्भ दिसला म्हणजे यश, की सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले म्हणजे, की मूल घरी आले म्हणजे? या तिहींत पुष्कळ अंतर आहे. शिवाय आकडा कोणत्या वयाचा? पस्तिशीच्या आतील स्त्रीस एका खेपेत साधारण तिघींत एकीस मूल होते असे धरले, तर बेचाळिशीच्या पुढे स्वतःच्या बीजाने ते दहांत एकीसही होत नाही. दोन भ्रूण ठेवले की शक्यता थोडी वाढते, पण जुळी होण्याचा संभवही वाढतो. आणि जुळी म्हणजे पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची बाळे. 'एका खर्चात दोन' हा हिशेब ऊसतोडीच्या गाडीला ठीक. गर्भाशयास तो लावू नये.

खर्चाचे म्हणाल तर आय. व्ही. एफ.च्या एका खेपेस लाख-सव्वा लाखापासून दोन-अडीच लाखांपर्यंत रुपये लागतात. या मुलखाच्या भाषेत बोलावयाचे तर ते एका चांगल्या एकराच्या उसाचे पैसे. आणि आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. गोव्यात बांबोळीच्या शासकीय रुग्णालयात २०२३ साली हे उपचार विनामूल्य देण्याची सोय सुरू झाली, ती अनुकरणीय आहे. परंतु सरकारने सारा पैसा दिला तरी आमचे दोन रकाने कोरेच राहतात. पैसा कोणीही देऊ शकतो, सासरा देऊ शकतो, बँक देऊ शकते. इंजेक्शने एकटीच घेते. दोष पतीत असला तरीही एकटीच घेते. पोट फुगून येणे, क्वचित पाणी साचून रुग्णालयात पडावे लागणे, दर महिन्याची आशा आणि दर महिन्याचा निरोप, हे सर्व तिचे. इक्सीची जी स्तुती आम्ही वर केली तिच्यात ही एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे : पुरुषाच्या व्याधीवरील औषध येथे स्त्रीच्या शरीरात टोचतात.

याचा अर्थ हे उपचार घेऊ नयेत असा नव्हे. प्रेमाने माणूस दुसऱ्यासाठी याहून कठीण गोष्टी करतो, आणि बहुतेक स्त्रिया हे स्वतःच्या इच्छेनेच करतात. परंतु जे प्रेमाने दिले जाते ते देणाऱ्यास थांबविताही आले पाहिजे. नाहीतर ते देणे नव्हे, घेणे होय. आणि या उपचारांचा स्वभावच असा आहे की त्यांस आपणहून शेवट नाही. नवस फळला नाही तर माणूस देवावर रुसून घरी बसे. येथे पुढची खेप नेहमीच शिल्लक असते. नवे इंजेक्शन, नवी प्रयोगशाळा, पुण्यातील नवे नाव. मागे ओतलेला पैसा पुढे ओढतो. इतके केले, मग आता सोडायचे कसे, असे सारे घर म्हणू लागते, आणि त्या घोषात ज्या एकीने बोलावयाचे तिचा आवाज ऐकू येत नाही. त्या इंदापूरकडच्या बाई एकदा आम्हांस म्हणाल्या, "काका, आता सुई नगं वाटती. पण म्हणायचं कुणापुढं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पुन्हा आदिपर्वाकडे वळलो. तेथे नियोगाच्या दोन कथा आहेत, आणि त्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पहिल्या कथेत सत्यवती सुनांस वंशासाठी व्यासांच्या स्वाधीन करते. अंबिका भयाने डोळे मिटून घेते, अंबालिका पांढरीफटक पडते. अंबिकेस पुन्हा जाण्याची आज्ञा होते तेव्हा ती आपल्या जागी दासीस पाठविते. कथाकार या मिटलेल्या डोळ्यांचे फळ पुत्राच्या अंधत्वात दाखवितो. आम्हांस त्यात एवढेच दिसते की त्या दोघींस नाही म्हणण्याची दुसरी भाषा उपलब्ध नव्हती. दुसऱ्या कथेत कुंती आहे. मंत्र तिचा, देव कोणता बोलवावयाचा हे पतीशी बोलून ठरलेले. तीन पुत्र झाल्यावर पांडूस आणखी हवासा वाटतो, आणि तेव्हा कुंती त्यास स्पष्ट सांगते की आता नाही. आपत्काळीही याहून पुढे जाण्यास धर्माची मान्यता नाही. पांडू पुन्हा तिला आग्रह करीत नाही. ती आधार म्हणून जो धर्म सांगते तो आज आम्हांस मान्य असेल वा नसेल. परंतु राजाची इच्छा आणि वंशाची गरज समोर उभी असता तिने सीमा आखली, आणि ती पाळली गेली, ही गोष्ट लहान नव्हे.

आजच्या कायद्याने कुंतीचा अधिकार लिहून ठेवला आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा कायदा २०२१ साली झाला. त्याप्रमाणे संबंधितांची लेखी संमती घ्यावी लागते, आणि दांपत्यापैकी कोणालाही भ्रूण गर्भाशयात ठेवण्याच्या क्षणापर्यंत ती परत घेता येते. कागद आहे, सही आहे. पण सही करताना शेजारी सासूबाई उभ्या असतील तर त्या कागदाचे काय मोल, हे कोणत्या कायद्यात लिहावयाचे?

येथवर दोघांचीच गोष्ट होती. बीज किंवा गर्भाशय तिसऱ्याचे घ्यावयाचे झाले की प्रश्न अधिक अवघड होतो, कारण आता अंबिकेची दासी समोर येते. तिला कोणी काही विचारले होते काय? याच कायद्याने बीज देणाऱ्या स्त्रीचे वय तेवीस ते पस्तीस ठरविले, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे आणि एका वेळी सातांहून अधिक बीजे काढू नयेत असा दंडक घातला. त्याच साली झालेल्या दुसऱ्या कायद्याने मोबदला घेऊन दुसऱ्याचा गर्भ वाढविण्यास बंदी केली. गर्भ वाढविणारी स्त्री विवाहित, स्वतःचे मूल असलेली, पंचवीस ते पस्तीस वर्षांची असावी आणि तिने हे एकदाच करावे असे ठरविले. बंदीने गरीब स्त्रीचे एक उत्पन्न गेले असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तथापि आम्ही या कायद्याच्या बाजूचे आहोत. का, ते या मुलखातील उसाच्या फडाकडे पाहिले म्हणजे कळेल. दर हिवाळ्यात येथे बीड जिल्ह्याकडून तोडणीच्या टोळ्या येतात. त्या जिल्ह्यातील तोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने केली, तेव्हा सुमारे ब्याऐंशी हजारांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. मजुरीचा खाडा परवडत नाही आणि दुखणे सोसवत नाही, म्हणून पुष्कळ जणींनी ऐन तिशीत हे केले. एकाच बांधावर एक स्त्री गर्भाशय फळावे म्हणून एकराचे पैसे ओतते, आणि दुसरी मजुरी बुडू नये म्हणून ते कापून टाकते. ज्या समाजात दुसरीची संमती इतकी स्वस्त आहे, तेथे गर्भाशयाचा बाजार भरू न देणेच बरे.

राहिला दत्तकाचा मार्ग. जुन्या धर्मशास्त्रात दत्तक घेतला जाई तो पिंडदानासाठी, म्हणून मुलगाच. १९५६च्या कायद्याने हिंदूंस मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. या बाबतीत महाराष्ट्राने ज्यांच्याकडे पाहावे ते जोतीराव व सावित्रीबाई फुले होत. मूल नाही म्हणून दुसरे लग्न करा, असा आग्रह जोतीरावांस होत होता. त्यांनी तो साफ नाकारला. दोष दोघांपैकी कोणाचाही असू शकतो, असे त्यांनी त्या काळी बोलून दाखविल्याचे सांगतात. १८७४ साली, त्यांनीच काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात त्याच्याबरोबर रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या.

येथे कोणी म्हणेल की हा उपचार नव्हे, हार होय. आम्ही उलट बाजूने एक कबुली देतो. ज्यांस मुले आहेत अशांनी रडणाऱ्या जोडप्यास 'त्यापेक्षा दत्तक घ्या' असे सांगणे ही पुष्कळदा निर्दयताच असते. आम्ही स्वतः तसे एकदा बोलून बसलो आणि त्याची लाज अद्याप गेलेली नाही. दत्तक मूल हे न झालेल्या मुलाच्या रिकाम्या जागेवर बसवावयाचे नसते. त्यास स्वतःची जागा लागते, आणि ती तयार होण्यापूर्वी आधीचा शोक संपावा लागतो. म्हणून यादीत हा उपाय शेवटी लिहिलेला असला तरी विचारात तो आरंभापासून असावा असे आम्हांस वाटते. किती खेपा करावयाच्या हे पहिल्या खेपेपूर्वीच दोघांनी बसून ठरवावे, आणि तो आकडा पत्नीने सांगावा.

त्या इंदापूरच्या दांपत्याच्या दोन खेपा झाल्या आहेत. दुसरीत गर्भ राहिला आणि नवव्या आठवड्यात गेला. एक भ्रूण गोठवून ठेवलेला आहे. कायद्याप्रमाणे तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, आणि त्याचे भाडे दरसाल भरावे लागते. गेल्या दिवाळीत पतीने आईच्या देखत सांगितले की पुढे काय करायचे ते हीच ठरवील, आणि मला त्यात बोलायचे नाही. म्हातारी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि सर्वांना चहा घेऊन आली. बाईंनी अद्याप काही ठरविलेले नाही. या वर्षीच्या भाड्याची पावती त्यांनी उसाच्या पावत्यांच्या पिशवीतून काढून आपल्या ट्रंकेत ठेवली आहे.